यंदाचं वजें

मांद्रे, पेडणे
९ जून २०२५

आत्ये,

पाया पडते, लांबूनच.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला घसा फोडून ओरडावं लागतं. तू 'कितें? कितें गो?' म्हणत राहतेस आणि तोवर इथल्या अख्ख्या वाड्याला माझी गोष्ट कळलेली असते. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर तुझी सून, मनीषावहिनी, तिच्या फोनवरून ते तुला वाचून दाखवणार, आणि तुझ्यासाठी मोठ्याने वाचलेलं मयेच्या तळ्यापलीकडे पोचतं. म्हणून पोस्टात गेले. मी पाकीट मागितल्यावर पोस्टातल्या माणसाने माझ्याकडे दोनदा पाहिलं.

आत्ये, मी फोंडा सोडलं. 'बाबांकडे चार दिवस राहायला आलेय' असं तुला सांगितलं होतं, ते खरं नव्हतं.

प्रवीण मारत नाही, पीत नाही, बाहेरचं काही नाही. तो बोलत नाही. म्हणजे माझ्याशी. त्याच्या मावसभावाच्या लग्नाला मी कामावरच्या चष्म्याच्या दुकानातून उशिरा पोचले, तेव्हापासून त्याने तोंड बंद केलं. शिगम्यात सुरू झालं ते मे महिना संपत आला तरी तसंच. हे काही पहिल्यांदा नव्हतं, लग्नाला आठ वर्षं झाली, त्यात असे अबोले किती आले. मित्रांचा फोन आला की हसून बोलायचा, मी चहा घेऊन आत गेले की गप्प. मी विचारायची, विनवायची, एकदा तर त्याच्यासमोर उभी राहून रडले. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

एका सकाळी मी पिशवीत चार कपडे भरले आणि निघाले. माझी भिंगांची पेटीसुद्धा तिथेच राहिली. डोळे तपासायची ती पेटी मी पहिल्या पगारातून घेतलेली, पण ती कपाटातून काढायची तर प्रवीणच्या समोरून जावं लागलं असतं.

इथे पोचले तेव्हा दुपार टळली होती. मी कळवलं नव्हतं, तरी चुलीवर दोघांची पेज होती. बाबांनी संध्याकाळचीही करून ठेवली असेल. त्यांनी ताट मांडलं आणि म्हणाले, "पेज निवता गो." बस्स. का आलीस, किती दिवस, जावई कुठे, काही नाही. आई गेल्यापासून ते तसेही कमीच बोलतात, पण आता रोज सकाळी 'पेज निवता' आणि रात्री 'दार लाव' एवढंच.

म्हापशात एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालंय, रोज बसने जाते. घरी आले की ते दारापुढच्या बलकांवावर बसलेले असतात, रस्त्याकडे बघत. मी बाजूला बसते. दोघंही गप्प. मला पुन्हा तसंच घाबरायला होतं. एका अबोल्यातून उठून मी दुसऱ्यात येऊन बसले की काय? तू त्यांची मोठी बहीण. खरं सांग, बाबा माझ्यावर रागावलेत का?

तुझी
गौरवी


मये, डिचोली
१८ जून २०२५

बाय गौरवी,

आशीर्वाद घे, आणि आधी नीट जेव. वाळलेल्या बांगड्यासारखी झाली असशील.

नवरा बोलत नाही म्हणून घर सोडलंस? गो खुळे, माझा घोव बोलतो की नाही हे मला कित्येक वर्षांत कळलेलं नाही, तरी संसार चाललाय! तो ओठ हलवतो, मी मान हलवते. परवा मान हलवली तर म्हणे मी त्याला नवा टीव्ही घ्यायला परवानगी दिली.

थट्टा सोड. पुरुषांना रुसवा धरायची खोड असते. पोटात भूक वाढली की उतरतो. तू गणपतीच्या चवथीपर्यंत राहा माहेरी, विसावा घे. मग तुझा बाप कृष्णनाथ वजें घेऊन तुला पोचवील. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला आपण लेकीच्या सासरी वजें पाठवतो खरं. पण नेवऱ्या, लाडू, नारळ, केळ्यांचा घड अशी भरलेली बांबूची पाटली दारात आली की मोडलेलं घरही जुळतं. माझ्या डोळ्यांदेखत अशी दोन घरं जुळलीत. वाडाभर वजें वाटायचं म्हटल्यावर घरच्यांना तोंड उघडावंच लागतं. गोड खाऊन कोण रुसून बसणार?

आता तुझ्या बापाचं. हा रागावलाय की नाही, हे त्याचं त्यालाही कळत नसेल. लहानपणी तो विहिरीच्या काठावरून घसरला, कमरेपर्यंत आत लोंबकळत होता, तरी हाक मारली नाही! मी कळशी घेऊन गेले तेव्हा बघितला. विचारलं, 'हाक कित्याक मारूंक ना?' तर म्हणतो, 'तूं येतलंस हें माका खबर आशिल्लें.' पुढे सरकारी बसवर ड्रायव्हर झाला. बसमध्ये पाटी असते ना, 'चालकाशी बोलू नये', ती त्याने घरी येताना छातीवर लावून आणली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

चवथ होऊ दे. सगळं सुरळीत होईल.

तुझी आत्या
चंद्रावती


मांद्रे
२७ जून २०२५

आत्ये,

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग वज्याची गोष्ट आली आणि पत्र उशीखाली ठेवून दिलं. राग आला तुझा. तुझ्यावर रागावायची मला सवय नाही, म्हणून उत्तराला वेळ लागला.

तुला सगळं सांगितलं नव्हतं, ते आता सांगते.

मी निघाले त्या सकाळी फोंड्याच्या स्टँडवर म्हापशाच्या बसमध्ये बसले. कंडक्टर आला, विचारलं, "खंय?" आणि आत्ये, माझ्या तोंडातून शब्द येईना. म्हापसा, मांद्रे, पेडणे, सगळी नावं डोक्यात होती, पण जीभ हलेना. छातीवर कुणी वरवंटा ठेवल्यासारखं झालं. बसमधली माणसं बघायला लागली. घरात कुणी उत्तरच देत नाही म्हटल्यावर मी बोलायचं हळूहळू सोडून दिलं होतं, आणि ते कधी सुटलं हे मलाच कळलं नव्हतं. कंडक्टर वयस्कर होता, भला होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. म्हापशाचं तिकीट फाडून हातात दिलं आणि म्हणाला, "पेडण्याची बस थंय मेळटली." माझ्या तोंडावर माहेर लिहिलेलं दिसलं असेल त्याला.

त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटते. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलते, 'वरची ओळ वाचा, आता स्पष्ट दिसतं की आता' एवढं येतं, ते पाठ आहे. पण स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की जीभ अडते. म्हणून दर गुरुवारी पणजीला एका काउन्सेलर बाईंकडे जाते. बाबांना सांगितलंय की गुरुवारी दुकानात मालाची मोजणी असते. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही मोकळेपणी कुणाशी बोलू शकता?" मी म्हटलं, "एक आत्या आहे, पण तिला ऐकू येत नाही." बाई हसल्या. म्हणाल्या, "मग लिहा."

हे पत्र त्यातलंच समज.

मला फोंड्याला परत जायचं नाही, वज्याबरोबर नाही आणि वज्याशिवायही नाही. गोड खाऊन प्रवीण बोलेल गं. पुढचा अबोला येईपर्यंत बोलेल. मग मी रोज सकाळी उठून त्याचं तोंड बघणार, आज उघडतंय की नाही. मला ते आता जमणार नाही, आत्ये. मी मरून जाईन असं नाही, पण माझ्यात बोलणारं कुणी उरणार नाही.

म्हापशात एक जागा बघून ठेवलीय. स्वयंपाकघर, एक खोली आणि एवढीशी गॅलरी, तिसऱ्या मजल्यावर. पण बाबांना कसं सांगू? आपल्यात लग्न झालेली लेक एक तर सासरी असते, नाही तर माहेरी. तिसरं घर कुणी बघितलंय?

गौरवी


मये
६ जुलै २०२५

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मनीषाने विचारलं, 'आई, कांदा कापता की काय?' मी म्हटलं, हो, कापते.

मी टीव्हीची थट्टा केली. तुला लागलं असणार. माझ्या ऐकू न येण्याला कारण आहे बाई, कानच गेलेत. ज्याचे कान शाबूत आहेत आणि जो ऐकत नाही, त्याला मी आणि माझा घोव यांच्या रांगेत बसवायला नको होतं. आमचा हा रोज माझ्यासाठी हातवारे करून करून थकतो, पण करतो.

जागा घे. घेच. कुणी विचारलं तर सांग, चंद्रावतीने सांगितलं. मयेची चंद्रावती अजून जिवंत आहे, तिच्याशी ज्याला भांडायचं असेल त्याने मोठ्याने भांडावं.

कृष्णाला तू सांग, मी सांगणार नाही. माझ्या सांगण्याने तो 'बरें' म्हणेल आणि तुला आयुष्यभर वाटत राहील की आत्याच्या धाकाने म्हणाला. तुझा बाप गप्प असतो आणि प्रवीणही गप्प होता, म्हणून तुला दोघं सारखे दिसतात. तुझंच काम आहे गो हे, दोन भिंगं लावून बघायचं. एक गप्प राहून तुझ्याकडे पाठ करतो. दुसरा गप्प राहून पेज वाढतो, ती निवेल म्हणून हाक मारतो, तू परत येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसतो. आता स्पष्ट दिसतं का सांग.

पणजीच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, आत्याला वाचता येतं.

तुझी
चंद्रावती


म्हापसा
३ ऑगस्ट २०२५

आत्ये,

पत्त्यावरून कळलंच असेल. आले एकदाची!

बाबांना सांगितलं. ते मागच्या अंगणात नारळ सोलत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघून सांगितलं, तोंडाकडे बघून धीर झाला नसता. "बाबा, मी म्हापशात जागा घेतलीय. एकटी राहणार." नारळ पहारेवर आपटायचा थांबला नाही. तो सोलून झाला, बाजूला ठेवला, मग म्हणाले, "बरें." आणि दुसरा घेतला.

तुझं भिंग मी लावून बघितलं. कधी वाटतं, ते मनापासूनचं 'बरें' होतं. कधी वाटतं, नाइलाज होता. वाड्यावरच्या बायका विचारतात तेव्हा ते काय सांगत असतील? सामान न्यायला टेम्पो आला, त्यांनी सगळं उचलून चढवलं, दोरी बांधली, गाठ ओढून बघितली. पण इथवर आले नाहीत. जागा कशी आहे हेही विचारलं नाही.

बाकी छान आहे. सकाळी पाववाला पोदेर भोंगा वाजवत येतो, मी वरून टोपली सोडते, तो गरम उंडे घालतो. शेजारी बेळगावकडची रत्ना राहते, तिचा नवरा बांधकामावर गवंडी आहे. खाली एक म्हातारे मिंगेलबाब आहेत. कुणाशी अजून बोलणं नाही. जिन्यात भेटले की मी मान खाली घालते. दार लावलं की घरात शांत असतं, पण ही शांतता माझी आहे, तिच्यात मी रेडिओ लावू शकते.

चवथीला मांद्र्याला जाईनच. गणपती तिथेच.

गौरवी


म्हापसा
१८ ऑगस्ट २०२५

आत्ये,

मी फार घाबरलेय. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

काल रविवार म्हणून मांद्र्याला गेले. दारातूनच तुपाचा वास. आत बाबा पाटावर बसून नेवऱ्या करत होते! आई गेल्यापासून घरात नेवरी झाली नव्हती, शेजारून यायची. त्यांनी कातण धरलं होतं स्टिअरिंगसारखं, कडा कुठल्या कुठे जात होत्या. बलकांवावर नवीकोरी पाटली. केळ्यांचा घड टांगलेला. लाडवांचा डबा भरलेला. मी विचारलं, "बाबा, हे कुणासाठी?" म्हणाले, "वज्याक." एवढंच. मान वर केली नाही.

आपल्या घरात कुणाचं लग्न झालंय यंदा? माझ्याशिवाय त्यांना लेक कुठली?

मग मी मागे तुळशीकडे गेले, तेव्हा उघड्या जनेलाच्या गजांतून त्यांचा आवाज आला. फोनवर होते. "प्रवीणराव, शुक्राराक सकाळीं हांव फोंड्याक येतां." पुढचं ऐकायला मी थांबले नाही. निघताना मला म्हणाले, "येतल्या आयतारा घराच आस. हांव येतां."

सगळं जुळतं. शुक्रवारी वजें फोंड्याला, रविवारी मला न्यायला. तू जे जूनमध्ये लिहिलं होतंस तेच. तू त्यांना काही सांगितलंस का? नसशील, तू तसं करणार नाहीस. पण त्यांना सांगायला कशाला पाहिजे, सगळ्या जगाला तेच सुचतं. म्हणून ते 'बरें' म्हणाले होते. चार दिवस राहू दे, चवथीला पोचवू.

मी तिथेच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. परत येताना बसमध्ये पुन्हा तसंच झालं, छातीवर वरवंटा. पास होता म्हणून निभावलं. किती महिन्यांनी झालं हे, मला वाटलं होतं गेलं ते.

मी रविवारी कुलूप लावून कुठेतरी जाऊन बसू का? त्यांनी स्वतःच्या हाताने नेवऱ्या केल्यात गं. त्यांना 'नाही' कसं म्हणू?

गौरवी


मये
२० ऑगस्ट २०२५

गौरवी,

मनीषाला स्कूटरवरून डिचोलीला पिटाळलंय, स्पीड पोस्टने टाकायला.

मी कृष्णाला एक अक्षर सांगितलेलं नाही. आज मात्र त्यालाही लिहिलंय, आणि त्यात त्याचे कान उपटायची भाषा आहे. ते पत्र साध्या पोस्टाने जाईल, कारण तुझं आधी पोचायला हवं.

जूनमध्ये वज्याचं लिहिलं ते मी पुसून टाकलं असं धर. जुळवायला घर आधी असावं लागतं.

कुलूप लावून जायचं नाही. ते घर तुझं आहे, त्यातून तू का पळायचं? बाप दारात आला की दार उघड. दारातच उभी राहा आणि त्याने टोपली खाली ठेवायच्या आधी सांग. 'मी फोंड्याला जाणार नाही.' एवढंच एक वाक्य. रोज आरशासमोर मोठ्याने म्हण, जसं माझ्याशी फोनवर बोलतेस तसं. त्याने नेवऱ्या केल्या म्हणून तू कशाला आयुष्य द्यायचं? नेवऱ्या खाऊन टाक आणि नाही म्हण.

रागावला तर माझ्याकडे पाठव त्याला. पण बाय, एक सांगते, मन चिंती ते वैरी न चिंती. विचारल्याशिवाय कुणाच्या मनातलं कळत नाही. माझ्यासारख्या बहिरीला हे तुला सांगावं लागतंय!

देव तुझ्या जिभेवर बसो.

आत्या


म्हापसा
३१ ऑगस्ट २०२५

आत्ये, माझे आत्ये,

वाक्य म्हटलं. सांगते सगळं, नीट बसून वाच.

गेल्या रविवारी सकाळी मी आंघोळ करून दाराच्या आत उभीच होते. जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं. बाबा वर येत होते, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर ती पाटली, त्यातून केळ्यांचा घड बाहेर लोंबतोय. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून श्वास लागलेला, तोंड लालबुंद. शेवटच्या पायरीवर पाय ठेवतायत तोच मी ओरडले. खरंच ओरडले, फोनवर तुझ्याशी ओरडते तसं, कारण तुझं पत्र आल्यापासून तशीच सवय केली होती.

"बाबा, मी फोंड्याला जाणार नाही!"

बाबा थांबले. पाटली डोक्यावर तशीच. मग म्हणाले, "तें मागीर सांग. आदीं हाका हात लाव, मान मोडता माजी."

मी हात लावला. दोघांनी मिळून पाटली खाली उतरवली, माझ्या उंबऱ्याच्या आत. त्यांनी चुंबळ सोडून तोंड पुसलं आणि विचारलं, "फोंड्याक? फोंड्याक कित्याक?"

मी म्हटलं, "मग हे वजें कुणाचं?"

माझ्याकडे असं बघितलं जसं मी तक्त्यावरची सगळ्यात मोठी अक्षरंही वाचू शकत नाही. "चेडवान नवें घर मांडलां. पयली चवथ. बापायन वजें हाडूंक नाका?"

आत्ये, वजें माझ्याच नव्या घराला आलं होतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. वाईट वाटून नाही. छातीवरचा वरवंटा कुणी उचलून बाजूला ठेवला तर कसं वाटेल, तसं. बाबा गोंधळले. एक नेवरी काढून माझ्या हातात दिली. कडा फुटलेली, आतलं सारण बाहेर आलेलं. रडत रडत खाल्ली. वेलची विसरलेत.

मग त्यांनी केळी बाजूला केली, नारळ काढले आणि तळातून कापडात बांधलेलं काहीतरी वर काढलं. माझी भिंगांची पेटी! शुक्रवारी ते फोंड्याला त्यासाठी गेले होते. माझे दाखले, पुस्तकं आणि पेटी घेऊन आले. मी विचारलं, "प्रवीण काय म्हणाला?" म्हणाले, "कांय ना. हांवूय कांय म्हणूंक ना. पेटी खंय ती विचारली." दोघं गप्प, आणि मधे माझी पेटी! तो प्रसंग डोळ्यांसमोर आला आणि मला हसू फुटलं. वकिलाचं आता बघायचं आहे, ते पुढे. पण मला त्याची आता भीती वाटत नाही.

एवढ्यावर संपलं नाही. पाणी पिऊन म्हणाले, "आतां वाट."

वजें वाटायचं असतं, हे मी विसरलेच होते. लेकीच्या घरी वजें आलं की शेजारीपाजारी घरोघर द्यायचं, सांगायचं कुठून आलं. मी म्हटलं, "बाबा, मी इथे कुणाला ओळखत नाही. तुम्ही चला बरोबर." तर म्हणतात, "हांव थंय कितें उलयतलों?" आणि बोलायचं काम माझ्यावर टाकून जिन्यात पायरीवर बसले.

ताटात नेवऱ्या, लाडू, केळी घेतली आणि रत्नाचं दार वाजवलं. तिने दार उघडून विचारलं, "काय वो ताई? कुणाचं हे?" मी म्हटलं, "माझं. माझ्या घराचं वजें. माझ्या बाबांनी आणलंय." ती म्हणाली, "अगं बाई, आत या की." आत्ये, मी आत गेले! तिने चहा केला, तिच्या गावाकडे काय काय करतात ते सांगितलं. मग पुढचं दार. मग खाली. मिंगेलबाबांनी ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून त्यात दोन उंडे ठेवले आणि विचारलं, "कोणाचें गो तूं?" मी म्हटलं, "कृष्णनाथाची. पण राहते वर, तिसऱ्यावर." प्रत्येक दारावर आवाज थोडा मोठा होत गेला. वर आले तेव्हा घसा बसला होता.

चवथीला मांद्र्याला गेले. गणपतीवर टांगायच्या माटोळीला कवंडळाची फळं मीच बांधली, बाबा खालून देत होते. गप्प होते. मीही गप्प होते. मला खूप बरं वाटलं.

वेलचीचं त्यांना सांगू नकोस.

तुझी
गौरवी


मांद्रे
२ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,

नमस्कार. मी बरा आहे. गणपती दीड दिवसाने पोचवला. माटोळी चांगली झाली.

तुझं पत्र चवथ झाल्यावर मिळालं. कान उपटायचं लिहिलं आहेस, तर मयेला येईन तेव्हा. तू गौरवीला धीर दिलास असं ती म्हणाली, म्हणून उत्तर लिहितो. मला लिहायची सवय नाही.

फोंड्याच्या बसचा तो कंडक्टर माझ्याबरोबर त्या मार्गावर पुष्कळ वर्षं होता. त्याने तिला ओळखलं आणि लगेच मला फोन केला. म्हणाला, तुझं चेडू बसलंय, बोलत नाही, म्हापशाचं तिकीट दिलंय. मी पेज ठेवली. दोघांची. विचारलं नाही, कारण ज्याला बोलता येत नाही त्याला विचारू नये असं मला वाटलं. मला कुणी विचारलं की माझंही तसंच होतं.

गुरुवारी ती पणजीला कुठे उतरते ते मला पहिल्याच गुरुवारी कळलं. मोजणी कुठली. बसवाल्यांना सांगून ठेवलं, तिला 'खंय' विचारू नका, तिकीट द्या. बाकी मला काय करता येईल ते समजलं नाही.

जागा बघायला मी आधी गेलो नाही, कारण लेकीच्या घरी पहिल्यांदा हात हलवत जाऊ नये. वजें घेऊनच जायचं ठरवलं होतं. नेवऱ्या बिघडल्या. वेलची राहिली, ते मला घरी खाल्ल्यावर कळलं. ती काही बोलली नाही.

ती फोंड्याला परत पाठवतील म्हणून घाबरली होती, हे मला दारात कळलं. आधी सांगायला हवं होतं. पुढे सांगेन.

अक्का, ती वजें वाटत होती तेव्हा मी जिन्यात बसलो होतो. प्रत्येक दारावर तिचा आवाज ऐकू येत होता. 'माझं. माझ्या घराचं. माझ्या बाबांनी आणलंय.' शेवटच्या दारावर तर एवढ्या मोठ्याने म्हणाली, की तुलासुद्धा ऐकू आलं असतं.

तुझा
कृष्णनाथ